धुऊन आलेले पाय

गुरुजी, या हातांनी मी आपल्या प्रार्थनाघरासाठी चौदा बाकं केली. बसायची उंची साडेसोळा इंच, पाठीला किंचित उतार. राजूरच्या खाणीतून पाठ मोडून आलेल्या माणसाला तासभर नीट टेकता यावं म्हणून. तुमच्यासाठी उभं राहून बोलायचं मेज केलं, तुमची उंची नुसत्या नजरेनं घेऊन. भिंतीवरचा सागवानी क्रूस केला. आणि नऊ वर्षांपूर्वी तुमची पेटी केली, एकही खिळा न मारता. यातलं मला कोणी काही शिकवलं नाही. मोडकी खुर्ची सुटी करून पाहिली, पुन्हा जोडली, शिकलो. हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल, आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचात.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहितोय. उजवा लकव्यानं गेला, त्याला उद्या दोन महिने तेवीस दिवस होतील. मूठ वळून बसली आहे. बायको तेल लावून एकेक बोट सोडवते. ती पाचव्यापर्यंत पोचते तोवर पहिलं पुन्हा मिटलेलं असतं.

एका रविवारी तुम्ही कृपा समजावत होतात. कोणाच्याच चेहऱ्यावर काही हलेना, तेव्हा म्हणालात, "कृपा म्हणजे फुकट. देव फुकट देऊन राह्यला, घ्या!" मागून एक कास्तकार बोलला, "फुकट म्हणजे सडलं असन गुरुजी, नाही तं इलेक्शन आलं असन." सगळे हसले, तुम्ही सगळ्यांत जास्त. मी नाही हसलो. बाहेर तुमची सायकल अडवून विचारलं, "एवढा हलका शब्द कायले वापरता? आपल्याकडे फुकट्या म्हणजे शिवी आहे." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तं वापरला, मिस्त्री. ते शिवी गिळल्याशिवाय हे समजत नाही. मले तीस वर्षं लागले." मला वाटलं, म्हातारा शब्द चुकला आणि आता सारवासारव करतो आहे.

मग तो ईस्टरच्या आधीचा गुरुवार. येशूनं शिष्यांचे धुतले तसे तुम्ही गुडघ्यांवर बसून एकेकाचे पाय धुताय, घमेल्यातलं पाणी काळ्या मातीनं गढूळ झालंय, तुमचा गुडघा दर बाकाशी कट् वाजतोय. माझ्यापाशी येता, आणि मी पाय बाकाखाली ओढून घेतो. मी केलेल्या बाकाखाली. "राहू द्या गुरुजी, मी घरूनच धुऊन आलो." आणि खरंच आलो होतो, साबण लावून, नखं कापून. तुम्ही वर पाहता. "मळलेले पाय मले धुता येतात. धुऊन आलेल्याचं मी काय करू, बाबू?" ओल्या हातांनी टॉवेल उचलून तुम्ही पुढच्याकडे सरकता. मी कोरडा.

तुमच्यानंतर त्या मेजामागे मी उभा राहिलो. पुस्तकं आणली, रात्रंदिवस वाचली, एकेका शब्दाचे चार चार अर्थ सांगितले. फुकट हा शब्द कधी वापरला नाही. लोकांना समजत नाही म्हणून चिडत राहिलो. शेवटच्या बाकावर कापूस वेचणारी एक बाई बसायची, ती पेंगली की मेजावर बोट आपटायचो.

आज दुपारी तीच आली, आणखी दोघींना घेऊन. पदरात बांधून आणलेली नोटांची गाठ सोडून खाटेवर ठेवली.

"डॉक्टरनं सांगतलं ना भाऊ, तीन महिन्याच्या आत व्यायाम चालू झाला तं हात उघडन. आठ दिवस राह्यले. नागपूरले चाला. आमी दोघी राहू तुमच्यापाशी."

"मले कोणाचं फुकट नाही पाहिजे."

"अन् दर ऐतवारी कृपा कृपा करत होते, ते काय होतं मंग?"

तिला आवाज चढवायचा नव्हता, गुरुजी. ती खरंच विचारत होती. तिला वाटलं, मला ठाऊक असेल.

बायको दारातून म्हणाली, "हो म्हणा ना हो." मी डाव्या हातानं गाठ परत सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या गेल्या. बायको त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेली, ती दिवेलागण झाली तरी आत आली नाही. ओट्यावर बसून आहे, मला इथून तिची पाठ दिसते. तिला हाक मारायची तर काय म्हणून मारू? चुकलो म्हणायला तोंड उघडतो आणि आतून रंधा लावावा तसा शब्द सोलला जातो, काही उरत नाही. सांगा ना, ती शिवी गिळलीत कशी? आधी काय सोडलंत? तीस वर्षं मला नाहीत. आठ दिवस आहेत.

हा कागद कुठे पाठवू? तुम्हाला निजवून पुरलं ती पेटी मीच केली. कागद सरकेल एवढीही फट मी तिला ठेवली नाही. तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

त्या गाठीत अठरा हजार सहाशे चाळीस रुपये होते. बायको त्यांच्यामागे निघाली तेव्हा तिला विचारून घेतलं, तिला त्यांनी सांगितलं होतं. परत केले आधी, किती होते ते मग विचारलं.