मिनिटाला एकशे वीस

१ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कलाकारांच्या मागे लोक त्यांच्या वह्या शोधतात आणि वही कोरी निघाली तर बरं दिसत नाही. अर्थात ही वही कुणी वाचायची नाही. कपाटात, स्वेटरखाली.

मी: वय पंचवीस. हार्पवादक. दिवसा चष्म्याच्या दुकानात असतो, पण ते तात्पुरतं. (चौथं वर्ष.) हार्प चौतीस तारांचा. एक हॉटेल बंद पडलं, तिथे लॉबीत शोभेला उभा होता, खाली कुंडी ठेवायचे. मी उचलून ताईच्या घरी आणला. मी ताई-भावोजींकडे राहतो. ताई हार्पला 'ते दार' म्हणते आणि मी नसताना त्यावर टॉवेल वाळत घालते.

गुरू नाही. सगळं आपलं आपण. हार्प करंगळीने कुणीच वाजवत नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर करंगळीला सवय लागली होती. आता ती माझी शैली आहे.

संकल्प: रोज पहाटे दोन तास रियाज. आठवड्याला एक व्हिडिओ. विनम्र राहणे.

२ मार्च

उठलो आठला.

३ मार्च, मंगळवार. सकाळी

'धबधबा' चौदा हजार लोकांनी पाहिला. ही माझी स्वतःची रचना. नोव्हेंबरच्या शेवटी व्हिडिओ टाकला, चॅनल त्याच्यावरच उभं आहे.

वहीत लिहायला हरकत नाही म्हणून लिहितो. 'धबधबा' मी बहात्तरने वाजवला होता. म्हणजे मेट्रोनोम मिनिटाला बहात्तर वेळा टकटक करतो, तो वेग. ऐकल्यावर धबधबा वाटेना, नळ नीट बंद न केल्यासारखं वाटत होतं. मग अ‍ॅपमध्ये बोट सरकवून एकशे वीस केला. सूर तेच राहतात, फक्त वेग वाढतो. लोक फोटोत स्वतःचे पिंपल्स घालवतात, त्यांना कुणी लबाड म्हणतं का?

शनिवारी वाचनालयात माझा कार्यक्रम. पहिला जाहीर.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळी

कार्यक्रम उत्तम. एकतीस श्रोते. संथ रचना चार वाजवल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, ते फास्टवालं होऊन जाऊ द्या, आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

मी सांगितलं की एक तार तुटली आहे, क्षमस्व. ग्रंथपाल बाई पहिल्याच रांगेत. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून तारा बघितल्या, वरून खाली, खालून वर. चौतीसच्या चौतीस जागेवर. चष्मा मीच बनवून दिला होता. नंबर बरोबर लागलाय.

८ मार्च, रविवार

सकाळी उठल्यावर पकडीने एक तार कापली. आता काल जे बोललो ते निदान आज तरी खरं आहे. नवी तार यायला चार दिवस लागतील. कापताना आवाज असा झाला की भावोजी आतून धावत आले. त्यांना सांगितलं, आपोआप तुटली. म्हणजे एका तारेवर दोन थापा झाल्या.

११ मार्च, बुधवार. दुपारी दीड, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

डबा उघडला नाही.

टायपिस्ट मावशींचा मेसेज आलाय. प्रत्यक्ष कधी बोललो नाही, पण पहिल्यापासून माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली 'सर, नमस्कार' लिहिणाऱ्या त्याच. आईच्या वयाच्या. तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिंग केलं, ऑफिसात सगळ्यात वेगवान हात त्यांचा. निवृत्त झाल्यावर हौसेने हार्प घेतला आणि माझ्या व्हिडिओंवर शिकल्या.

मेसेज लांब आहे. डाव्या हाताने टाईप केलाय, एकही चूक नाही. लिहितात की 'धबधबा' सरांच्या वेगाने वाजवायचाच, असं ठरवलं होतं. तीन महिने, रोज सहा तास. एकशे चारपर्यंत पोचल्या. एकशे बाराला उजवं मनगट गेलं. डॉक्टरांनी पट्टा घातलाय, सहा आठवडे हात हलवायचा नाही, पुढचं पुढे बघू म्हणाले. शनिवारी त्या वाचनालयात होत्या, तिसऱ्या रांगेत. पट्टा मी पाहिला होता. मला वाटलं, बाई कुठे पडल्या असतील.

पुढे लिहितात की आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आपले हात मंद आहेत. ते ठीक आहे, पण मग वाद्य घरात धूळ खात ठेवण्यात अर्थ नाही. हार्प संगीत शाळेला दिलाय. बावीस तारखेला, रविवारी चार वाजता गाडी येणार. एकच विनंती: त्याआधी सरांनी येऊन या हार्पवर एकदा 'धबधबा' वाजवावा. माझ्याकडून तो झाला नाही, पण वाद्याने तरी ऐकावा.

एकशे चार. म्हणजे माझ्यापेक्षा... ही तुलना आत्ता नको.

तीन वाजता

मी उत्तर पाठवलं. 'अवश्य येईन.' का पाठवलं ते माहीत नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं, घाई झाली.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी अंघोळ करताना मार्ग सापडला. आज बारा, रविवारी बावीस. आजचा आणि रविवारचा दिवस धरून अकरा दिवस. बहात्तरवरून एकशे वीसवर जायचं, म्हणजे दिवसाला साडेचारही नाही. साडेचार म्हणजे किस झाड की पत्ती. मी खरोखर एकशे वीसने वाजवायला लागलो की व्हिडिओ खोटा राहतच नाही. तो फक्त आगाऊ टाकलेला ठरतो. मावशींना धक्का नको, मलाही नको.

तार आली. बसवली.

१३ मार्च

शहात्तर! म्हटलं नव्हतं?

१४ मार्च, शनिवार

ऐंशी. मधला अवघड भाग सोडून. पण मधला भाग तसाही जरा लांबलाय.

भावोजींनी ताईला विचारलं की बाथरूमचा नळ गळतोय का. मेट्रोनोम होता. उशीखाली ठेवून वाजवायला लागलो.

१६ मार्च, सोमवार

दुकानात एका आजोबांना उजवी काच डाव्या बाजूला बसवून दिली. ते पायरी चुकले, सुदैवाने दाराला धरलं. मालक म्हणाले की लक्ष कुठे असतं तुझं. लक्ष एकशे वीसवर असतं, हे त्यांना कसं सांगणार. आजोबा उलट मलाच म्हणाले, राहू दे रे, होतं असं. ते म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

रियाज: अठ्ठ्याहत्तर. मधल्या भागासकट चौऱ्याहत्तर.

१७ मार्च

अंगठ्याला फोड. मनगट दुखतंय का ते पाहिलं. दुखलं असतं तर मलाही पट्टा लागला असता आणि रविवारचा प्रश्न सन्मानाने सुटला असता. हात गोल फिरवला, उलटा दाबला. छे. ठणठणीत. त्यांचं मनगट जावं आणि माझ्याला काही होऊ नये, वर मी ते व्हावं म्हणून बघत बसावं. हे लिहिताना माझंच तोंड वाकडं झालं.

१८ मार्च, बुधवार

पत्र लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा: 'प्रिय मावशी, आजच्या तंत्रयुगात वेग ही संकल्पना...' फाडला. दुसरा: 'व्हिडिओच्या एडिटिंगमध्ये अनवधानाने...' अनवधानाने? बोट माझंच, सरकवलंही मीच, शिवाय तीन वेग करून पाहिले आणि त्यातला हा निवडला. तिसरा मसुदा चांगला जमला होता. भाषा सुंदर. शेवटी लक्षात आलं की त्यात मी कबूल काहीच केलेलं नाही.

१९ मार्च, गुरुवार. संध्याकाळी सात

ताईला मसुदे कचऱ्यात सापडले. तिने तुकडे जुळवले. तिने फाटलेली बिलं जुळवण्यात आयुष्य काढलंय, ती हिशेबनीस आहे. भाजी चिरता चिरता मला समोर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. मी एकशे वीसची योजनाही समजावून सांगितली. ती ऐकताना तिचा हात थांबला.

"त्या बाईचा हात गेला," ताई म्हणाली, "आणि तू स्वतःचा वेग वाढवत बसलायस?"

मी म्हणालो, रविवारी सांगणार आहे. ती म्हणाली, आज सांग. मी म्हणालो, उद्या फोन करतो. तिने मान खाली घालून उरलेली भाजी चिरली. ताई ओरडते तेव्हा बरं असतं.

२० मार्च, शुक्रवार. दुपारी

फोन केला. केला, हे नोंदवून ठेवतो. पण मावशीच आधी बोलायला लागल्या. सरांसाठी हार्प खिडकीपाशी घेतलाय. एका हाताने किल्ली फिरवून सगळ्या तारा सुरात लावल्या, दोन दिवस लागले. शेजारच्या काकूंना आणि धाकट्या बहिणीला बोलावलंय. सरांना खुर्ची किती उंच लागते?

मी म्हणालो, सतरा इंच.

अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत. समोर बसून सांगाव्यात.

२१ मार्च, शनिवार

सत्तर. आता बहात्तरही होत नाही. बोटांना कळलंय, ती घाबरली आहेत.

२२ मार्च, रविवार. रात्री साडेआठ

जसं झालं तसं लिहितो.

तीनला पोचायचं होतं. ताईने शर्टाला इस्त्री करून दिली होती. त्यांच्या बसस्टॉपवर पावणेतीनला उतरलो आणि तिथल्या बाकावर बसलो. मनात हिशेब असा की चारला गाडी येईल, हार्प जाईल, मग मी धापा टाकत पोचेन आणि म्हणेन, अरेरे, उशीर झाला. साडेचारपर्यंत बसलो. मग निघालो.

इमारतीखाली गाडी उभीच. वर गेलो तर ड्रायव्हर आणि दोन हमाल सोफ्यावर चहाचे कप घेऊन ओळीने बसलेले. मावशींनी त्यांना थांबवून धरलं होतं. सर येतीलच, सर शब्दाचे पक्के आहेत, असं सांगून. शेजारच्या काकू होत्या, बहीण होती. खिडकीपाशी हार्प, माझ्याहून कितीतरी चांगला, पुसून लखलखीत. खुर्ची बरोबर सतरा इंच, दोन जाड पुस्तकं घालून.

मावशी छोट्याशा आहेत. उजवा हात पट्ट्यात, पोटाशी धरलेला. डाव्या हाताने नमस्कार केला.

मी बसलो. वाजवला. जसा येतो तसा. मधल्या भागात दोनदा अडखळलो. एका हमालाने कप खाली ठेवला, तो आवाज माझ्यापेक्षा सुरात होता. संपल्यावर मावशी हसल्या, म्हणाल्या की सरांनी मला बोटं नीट दिसावीत म्हणून हळू वाजवलं, केवढा विचार. आता एकदा खऱ्या वेगात होऊ दे.

मी म्हणालो, "मावशी, हाच खरा वेग आहे."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. अ‍ॅप, बोट, एकशे वीस. वाचनालयातली तार पण सांगितली, ती कुणी विचारली नव्हती. बोलताना मी ड्रायव्हरकडे बघत होतो, कारण मावशींकडे बघवत नव्हतं.

मग मावशींनी विचारलं, आत्ताचा वेग किती होता? मी म्हणालो, बहात्तर. खरं म्हणजे अडुसष्ट असेल. तिथेही चार वाढवले.

मावशी म्हणाल्या, "बहात्तर तर मी तिसऱ्या आठवड्यात वाजवत होते."

आवाज चढवला नाही. मला वाटतं त्या मला सांगतच नव्हत्या. पुढचे दोन महिने मनात मोजत होत्या. मोजून झाल्यावर पट्ट्यातल्या हाताकडे बघितलं, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं. बहिणीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी सॉरी म्हणालो. तो शब्द इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं.

मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या आणि म्हणाल्या, हार्प न्यायचा नाही, शाळेला मी फोन करते. ड्रायव्हर बिचारा कामाचा माणूस. त्याने विचारलं, मग आम्ही रिकामेच जायचं का? यावर खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनी तर तोंड उघडून विचारलं की यांच्याकडे पण एक आहे ना.

मी पत्ता दिला नाही. मान खाली घालून चपला घातल्या. डाव्या पायातली उजव्यात. जिन्यात कळलं.

हात बरा होईल का, हे विचारायचं राहिलं. राहिलं नाही, विचारलं नाही.

२३ मार्च, सोमवार. संध्याकाळी

सकाळी 'धबधबा'खाली लिहिलं: हा व्हिडिओ वेग वाढवून टाकलेला आहे. मला हे वाजवता येत नाही. माझ्या नादाने कुणी हात दुखवून घेऊ नका. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा एक शब्द न सजवता लिहिलं. ताईने वाचलं, मान हलवली, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा विचारलं की पोळ्या किती.

दुकानातून येऊन बघितलं. सव्वीस कमेंट. एकानेही शिवी दिलेली नाही. 'एवढे मोठे कलाकार आणि केवढी नम्रता.' 'सर, तुमच्या विनोदबुद्धीला सलाम.' 'म्हणूनच तुम्ही ग्रेट.' मी खाली लिहिलं की नम्रता नाही हो, खरंच येत नाही. त्यावर चाळीस लाल बदाम आले.

मावशींचं काही नाही. आज पहिल्यांदा.

चाळीस बदाम बघून मला बरं वाटलं. एक मिनिटभर, पण वाटलं. इथे लिहून ठेवतो. ताईला हे सांगणार नाही.