वाचून केलेली पहिली सही

मी, केसरीनाथ दौलत तरे, वय ६८ वर्षे, धंदा झेरॉक्सचे दुकान (सध्या बंद, का ते पुढे येईल), राहणार भिवंडी, जिल्हा ठाणे, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण त्यांची इथे गरज नाही. हा मजकूर मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहीत आहे. अशाच अर्थाच्या वाक्याखाली मी आयुष्यात एकशे त्रेसष्ट वेळा सही केली. त्यांपैकी एकही कागद मी वाचला नव्हता.

ॲडव्होकेट हेमालीताईंनी मला दोन पानांचा सुबक नमुना करून दिला होता. त्यात घर होते, जागा होती, वारस होते, फक्त मी नव्हतो. म्हणून तो बाजूला ठेवून माझ्या हाताने लिहितो आहे. कायद्याच्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या आहेत. बाकीच्या माझ्या आहेत.

१) घर. दोन खोल्या आणि पोटमाळा. हे घर मी लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, असताना, शिफ्टवर शिफ्ट करून, स्वकमाईने घेतले. ते मुलगा विपुल व मुलगी मेघाली यांना निम्मे-निम्मे मिळावे. मेघाली लग्न होऊन कल्याणला गेली, आता तिला कशाला, असे विपुल म्हणेल. हे मी जिवंतपणी तीन वेळा ऐकले आहे, मेल्यावर चौथ्यांदा ऐकवू नये.

२) जॉबरची हत्यारे, म्हणजे पाने, पक्कड, हातोडी आणि लूमचे सुटे भाग भरलेला पत्र्याचा डबा, हे सर्व माझा जुना सोबती लडकू भोईर याला द्यावे. लूम भंगारात गेले, त्याला आता त्यांचा उपयोग नाही. पण त्या हत्यारांनी मी खोटे काम कधी केले नाही, हे त्याला ठाऊक आहे.

३) झेरॉक्सचे मशीन पुढच्या खोलीत प्लास्टिकखाली झाकून ठेवले आहे. ज्याला हवे त्याने न्यावे. फक्त कोणत्याही पोलीस ठाण्याला देणगी म्हणून देऊ नये. विपुलला तसे सुचेल, म्हणून लिहून ठेवतो.

४) माझ्या वडिलांची पांढरी टोपी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझे वडील दौलत तरे आमच्या गावकीचे पंच होते. बांधाची भांडणे असोत, भावाभावांची वाटणी असो की सासरहून परत आलेली मुलगी असो, लोक त्यांच्याकडे येत. ते दोन्हीकडचे ऐकून घेत, स्वतः शेतावर जाऊन बांध पायांनी मोजत आणि मगच बोलत. टोपी घातल्याशिवाय त्यांनी कधी निवाडा दिला नाही. घरात पंच हा शब्द देवाच्या नावासारखा उच्चारला जाई.

लूमचा धंदा बसल्यावर मी पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून झेरॉक्सची टपरी टाकली. ठाण्याचे नाव लिहीत नाही, हेमालीताईंनी मनाई केली आहे. पहिल्याच वर्षी एक हवालदार आला आणि म्हणाला, “तरे काका, जरा पंच म्हणून याल का?” माझा ऊर भरून आला. मी घरी धावत गेलो, पेटीतून ही टोपी काढली, घालून ठाण्यात गेलो. हवालदार हसला. मला वाटले, कौतुकाने हसला. बायकोला, रूपाला, मी सांगितले की बापाचे पद माझ्याकडे आले. तिने त्या दिवशी गोड केले होते.

पोलिसांच्या भाषेत पंच म्हणजे जप्ती किंवा झडती आपल्या समक्ष झाली, अशी सही देणारा माणूस. त्याने काही ऐकायचे नसते, मोजायचे नसते आणि बोलायचे तर मुळीच नसते. हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. पण तोवर गल्लीत मला पंच काका म्हणू लागले होते आणि टपरीला कोणी हात लावत नव्हते. दोन्ही गोष्टी मला गोड लागल्या. मी लाचार होतो असे कोणी म्हणू नये, मी फुगलो होतो.

ही टोपी माझ्या प्रेतावर ठेवू नये. मेघालीने ती जपून ठेवावी. आमच्या घरात कोणी बांध मोजून मग बोलणारा निघाला, तर त्याला द्यावी.

५) निळी फाईल. वडील आपल्या प्रत्येक निवाड्याची नोंद वहीत ठेवत. मीही बापासारखाच पंच, या गुर्मीत, सही केलेले प्रत्येक शेवटचे पान हवालदाराच्या हाती देण्याआधी मशीनवर ठेवून एक प्रत काढून घेत होतो. अशी एकशे त्रेसष्ट पाने फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली आहेत. एकाच दिवशी, एकाच वेळी मी दोन ठिकाणी हजर होतो, असे त्यात सात वेळा आढळेल. काही पानांवर मजकूर आहे. बऱ्याच पानांवर फक्त माझी सही आहे आणि वर पांढरा कागद आहे, कारण मजकूर नंतर, सवडीने भरला जाई. ही फाईल हेमालीताईंनी विधी सेवा समितीकडे द्यावी. त्या प्रत्येक पानामागे एक माणूस आहे आणि तो आत आहे की बाहेर, हे मी एकदाही विचारले नाही. एकशे एकेचाळिसावे पान मात्र त्यातून काढून घेतले आहे. ते कुठे गेले ते पुढे लिहितो.

६) मनोज मोरू गायकर. हा माझा नातेवाईक नाही. पडघ्याचा मुलगा, टेम्पो चालवायचा. माझ्या दुकानाचे कागदाचे गठ्ठे तोच आणून टाकायचा आणि माझे गुडघे पाहून स्वतःच आत रचून द्यायचा. काका, तुम्ही बसा, म्हणायचा.

२०२२ च्या फेब्रुवारीत पडघ्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये चोरी झाली आणि रखवालदाराचा खून झाला. ११ फेब्रुवारीला सकाळी अकरा ते दुपारी दीड या वेळात आरोपीने महामार्गाच्या मोरीखालून रक्ताची पहार पंचांसमक्ष काढून दिली, असा पंचनामा आहे. पंच क्रमांक एक, मी. त्या दिवशी, त्या वेळी मी रूपा आणि मेघालीबरोबर अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर होतो. मेघालीने काढलेल्या फोटोत आम्ही दोघे पाण्यात पाय सोडून बसलो आहोत आणि त्यावर बारा वाजून दहा मिनिटे अशी वेळ आहे. सही मी दुसऱ्या दिवशी टपरीत, एका गिऱ्हाईकाचे आधार कार्ड मशीनमध्ये असताना केली. आरोपी कोण, हे मी विचारले नाही.

पुढल्या वर्षी समन्स आले. सरकार विरुद्ध गायकर. गायकर आमच्या भागात पुष्कळ आहेत. वर्षभर कागदाचे गठ्ठे दुसराच कोणी आणून टाकत होता, मनोज कुठे गेला हेही मी विचारले नव्हते. कोर्टात पिंजऱ्यात चढलो आणि समोर मनोज दिसला. त्याला मला पाहून बरे वाटले. हे मला आजही सहन होत नाही. काका आले, आता काका सांगतील, असे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते.

पण कोर्टाच्या बाहेर हवालदाराने मला आधीच गाठले होते. तो दरडावला नाही, उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, नाही म्हणालात तर खोटी सही तुमची. आत तुम्ही जाल. आणि टपरीचं आम्ही काय सांगणार साहेबांना?” सरकारी वकिलांनी विचारले, पहार तुमच्या समक्ष काढून दिली का. मी म्हणालो, होय, माझ्या समक्ष.

मनोजला जन्मठेप झाली. अपील हायकोर्टात पडून आहे.

साक्ष देऊन घरी आलो तेव्हा रूपाने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि एवढेच म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर कुंडावर होतात.” त्यानंतर ती वर्षभर जगली, पण अकलोलीचे नाव तिने पुन्हा काढले नाही. गुडघे तिचेही दुखत होते.

७) टपरी. ही आता माझ्या मालमत्तेत नाही. नव्या कायद्याने जप्तीचे मोबाईलवर शूटिंग करावे लागते. मला वाटले, आता तरी हा धंदा थांबेल. गेल्या ऑगस्टमध्ये एक नवे साहेब आले आणि म्हणाले, काका, फ्रेममध्ये उभे राहा. एका पोराच्या पाठपिशवीत गांजाची पुडी आधी ठेवली, मग शूटिंग चालू करून काढली. मागून रिक्षाचा भोंगा वाजला म्हणून पुडी परत आत ठेवून पुन्हा काढली. मग सहीला कागद पुढे केला. मी म्हणालो, वाचायला चष्मा आणतो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच पुडी ठेवली. मी सही केली नाही. पंधरा दिवसांत टपरी अतिक्रमण म्हणून उचलली. ज्या टपरीसाठी मी होय म्हणालो, ती अर्ध्या तासात ट्रकमध्ये गेली. तिचे मला वाईट वाटले नाही, असे लिहिले तर या कागदावरही खोटे होईल. खूप वाईट वाटले.

८) वज्रेश्वरी रस्त्यालगतची तीन गुंठे जागा मी मनोजच्या आईला, तुळजाबाई मोरू गायकर यांना देणार होतो. त्या पडघ्याच्या बाजारात भाजी विकतात. निकालानंतर अपिलासाठी कागदांच्या प्रती हव्या होत्या, तेव्हा भिवंडीत इतकी दुकाने असताना त्या माझ्याच टपरीवर आल्या होत्या. म्हणाल्या, “तुमच्याच मशीनवर काढायच्या हायेत.” माझीच साक्ष मी त्यांना पान पान काढून दिली. त्या स्टुलावर बसून पाहत होत्या.

जागेचे सांगायला मी आणि हेमालीताई त्यांच्या घरी गेलो. हेमालीताईंनी समजावले की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. तुळजाबाईंनी तेवढेच नेमके धरले. “मंग मला जागा न्हाय पायजे. मला साक्षीदार करा. हा मानूस सही कशी करतो ते मला बघायचं हाय.”

म्हणून ती जागा मनोजला द्यावी. ती घ्यायची की तिच्यावर थुंकायचे, हे त्याने बाहेर आल्यावर ठरवावे.

९) विपुल. हा माझा एकुलता मुलगा, गोडाऊनवर सुपरवायझर आहे, त्याचे रोज पोलिसांशी काम पडते. त्याने मला निळी फाईल जाळायला सांगितली. मी ऐकले नाही तेव्हा तो म्हणाला, “बाबा, लिहा काय लिहायचं ते. पण मृत्युपत्रात लिहा. तुम्ही गेल्यावर कळलं तर काय बिघडतं?” त्याला वाटले, सर्वांच्या सोयीचा मार्ग निघाला. मलाही तीन दिवस तसेच वाटत होते. मेल्यावर माणसाला अटक होत नाही. विपुलला मी दोष देत नाही. ही अक्कल त्याने माझ्याकडूनच घेतली आहे.

१०) शेवटचे कलम. मृत्युपत्र माणूस मेल्यावर अमलात येते, असे हेमालीताई सांगतात. माझ्या वडिलांना ब्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. मलाही तेवढे लाभले तर मनोज माझ्या मरणाची वाट पाहत आणखी चोवीस वर्षे आत बसेल. म्हणून वरची सर्व कलमे माझ्यानंतर, पण कलम सहा आजपासून. त्यातला मजकूर वेगळ्या प्रतिज्ञापत्रावर लिहून, कुंडावरचा फोटो आणि त्या पंचनाम्याचे एकशे एकेचाळिसावे पान जोडून मनोजच्या वकिलांकडे आज सकाळी दिला आहे. त्या पानावर खाली माझी सही आहे, वर काहीही नाही. खोटी साक्ष दिल्याबद्दल माझ्यावर खटला होईल, असे हेमालीताईंनी दोनदा बजावले. होऊ दे. त्या वेळी पंच मात्र खरे आणावेत.

हे मृत्युपत्र इथपर्यंत लिहून झाल्यावर तुळजाबाईंच्या हाती दिले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. शब्दाशब्दावर बोट ठेवून त्या वाचत होत्या. दुपारी दोनला सुरुवात केली, पाच वाजून गेले. लडकू कंटाळून म्हणाला, करून टाका सही, मी सांगतो काय लिहिलंय ते. त्यांनी मान वर केली नाही. कलम सहाशी त्या बराच वेळ थांबल्या, मग पुढे गेल्या. तोवर मी पेन उघडून बसलो होतो. एवढा वेळ एका सहीसाठी मी कधी थांबलो नव्हतो.

ठिकाण : भिवंडी
दिनांक : १९ जानेवारी २०२६

(सही) केसरीनाथ दौलत तरे
वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, मग सही केली.

साक्षीदार

१) (सही) लडकू भोईर, भिवंडी. केसरीनाथने माझ्यासमोर सही केली. हत्यारे मला नकोत, मी साक्षीदार आहे. ती मेघालीला द्यावीत.

२) (सही) तुळजाबाई मोरू गायकर, पडघा. मी सगळा कागद वाचला. यांनी सही केली ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी तिथे होते.