वाकड्या पायाचा बिशप

आदरणीय दादा सेनोबियो यांस,

वर डोंगरावरून धाकट्या बहिणीचा, नसारियाचा, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो असं तुम्ही लिहिलं होतं. त्याला लामाची चरबी चोळा, आणि वहिनी वासाबद्दल काही बोलल्या तर त्यांना सांगा की आपल्या आईचे गुडघे याच चरबीवर ऐंशी वर्षं चालले. बसवाल्याकडे दिलेले वाळवलेले बटाटे पोचले का? (पिशवी अर्धी पोचली असेल तर तो बसवाला कोण ते मला माहीत आहे.) वहिनींना नमस्कार, लेकाला आणि सुनेला आशीर्वाद, धाकट्या नातवाला गोड पापा. त्याचं जावळ अजून काढलेलं नाही ना? सहज विचारलं.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुमच्या मेहुण्याची, अनाक्लेतोची, पाठ धरली आहे, पण तो म्हणतो पाठ नाही, पाऊस धरला आहे. चुलीमागे अकरा गिनीपिग आहेत (बारा होते, एक रविवारी तळला), सात मेंढ्या, दोन लामा, अंडी न घालणारी एक कोंबडी, आणि आईनं माझ्या हाती सोपवलेला अल्पाकांचा कळप, जो तिच्या वेळी शंभरावर होता आणि आता चाळीस आहे. कुत्री तीन. त्यातला जनरल आपला म्हणायची मला लाज वाटते, पण त्याचं नंतर सांगते, कारण आधी हिलारियाचं सांगायचं आहे, आणि तिचं सांगितल्याशिवाय माझ्या पोटातलं दुखणं थांबायचं नाही.

हिलारिया म्हणजे आमच्या दगडी बांधापलीकडची. तिच्या पोरीची, डेल्फिनाची, मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि भेटल्यावर गालाला गाल लावतो. चांगली बाई आहे. तिच्यात खोट काढायला मी गेली तीन वर्षं बसले आहे, अजून एकही सापडलेली नाही, आणि शेजारणीत याहून मोठी खोट कुठली असते ते तुम्हीच सांगा. यंदा तिच्या घरावर नवे लाल पत्रे आले. तिच्या माद्यांना या पावसात झालेली पिल्लं पांढरीशुभ्र, पहिल्या दिवशी उभी राहून दूध ओढणारी. माझी ठिपक्याठिपक्यांची, खोकणारी. नऊ गेली. लोकर घ्यायला येणारा माणूस तिच्या अंगणात बसून सूप पितो, आणि माझ्याकडे येतो तेव्हा त्याला बसायची घाई नसते, निघायची असते.

हे सगळं कशामुळे? बिशपमुळे. बिशप म्हणजे तिचा पांढरा नर. मान अशी ताठ की समोर आपण आहोत हे त्याला दिसतच नाही. लोकर डोळ्यांवर येते, पायांपर्यंत लोंबते. मागच्या वर्षी तालुक्याच्या जत्रेत त्याला निळी फीत मिळाली. खालच्या खोऱ्यातली माणसं दोन दोन दिवस चालून माद्या घेऊन त्याच्याकडे येतात. आमचा म्हातारा नर बांधापलीकडून हे सगळं बघतो आणि पुन्हा चरायला लागतो. त्याला काही वाटत नाही. ते त्याच्या वाटणीचंही मलाच वाटतं.

आता तुम्ही विचाराल, हा बिशप तिच्याकडे आला कुठून. हा प्रश्न विचारू नये अशी माझी इच्छा होती, पण आता कागदावर आलाच आहे.

माझ्याकडून. दादा, मीच दिला. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, दिवस उलटून गेल्यावर एक पिल्लू झालं, त्याची आई त्याच दिवशी मेली, पुढचा डावा पाय वाकडा. मी त्याला चुलीजवळ ठेवलं. जनरल तेव्हा मुठीएवढा होता, तो त्याच्या पोटाशी जाऊन झोपायचा, म्हणून ते रात्री गारठून मेलं नाही, एवढंच. रविवार बघेल अशी कुणालाच आशा नव्हती. आणि त्याच शनिवारी डेल्फिनाचं जावळ. धर्ममाता या नात्यानं पहिली बट मीच कापायची आणि देणगीही पहिली मीच बोलायची. माझ्या मनात एक मेंढी होती. पण माझ्या शेजारी उभी असलेली दुकानदाराची बायको (जिला बट तिसऱ्या नंबरला मिळणार होती) सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की ती दोन मेंढ्या देणार आहे. उसाच्या दारूचे दोन पेले माझ्या पोटात होते. मी कात्री चालवली, बट ताटलीत ठेवली आणि मोठ्यानं जाहीर केलं, एक पांढरा नर अल्पाका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदाराची बायको आपल्या दोन मेंढ्या बोटांवर पुन्हा मोजायला लागली. आणि मी मनात म्हटलं, नसारिया, तुझ्यासारखी हुशार तूच. मान मिळाला, आणि सोमवारपर्यंत देणगी मरूनही जाईल.

ती मेली नाही. हिलारियानं त्याच्या पायाला दोन काठ्या लावल्या, लाल लोकरीनं घट्ट बांधल्या, बाटलीनं दूध पाजलं, आणि पोरीनं त्याला रोज गाणं म्हणून झोपवलं. जनरल तिसऱ्या दिवशी बांध ओलांडून त्याच्या मागे गेला. मी त्याला दोरीनं बांधून आणलं, त्यानं दोरी खाल्ली. आता तो तिथेच राहतो, बिशपच्या शेजारी बसतो, बिशप उठला की उठतो. आमच्याकडे येतो तो फक्त हाडं खायला, आणि खाऊन झाल्यावर थोडा वेळ बसायचं एवढीसुद्धा रीत त्याला नाही.

कुत्रा गेला ते मी गिळलं. पण गेल्या महिन्यात चुलीत जाळायच्या लेंड्यासुद्धा गेल्या. तुम्हाला शहरात राहून विसर पडला असेल, पण अल्पाका काही वाटेल तिथे बसत नाहीत, सगळा कळप एका ठरल्या जागी जातो. आमची जागा आपल्या आजोबांच्या वेळेपासून जनावरांच्या वाडग्याच्या मागे. आता माझ्या माद्या सकाळी उठतात, बांधाच्या पडलेल्या भागातून रांगेनं पलीकडे जातात, बिशपच्या कळपाच्या ढिगावर बसतात आणि परत येऊन माझं गवत खातात. गवत माझं, पोट माझ्या जनावरांचं, आणि सरपण हिलारियाचं! मी पोतं घेऊन तिच्याकडे गेले, माझ्याच लेंड्या मागायला. तिनं पोतं शीग लावून भरून दिलं, वर चीजचा तुकडा ठेवला, आणि पोतं उचलायलाही हात लावला. भांडली असती तर मी रात्री शांत झोपले असते.

जत्रेचं सांगायचं राहिलं. फीत बांधली तेव्हा लाउडस्पीकरवर हिलारियाला बोलायला सांगितलं. ती लाजत म्हणाली, “हे जनावर माझ्या कोमाद्रेच्या हातचं दान आहे. तिच्या आशीर्वादानं ते जगलं.” सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. लोक येऊन माझे हात दाबायला लागले, पाद्रीबाबांनी माझं औदार्य वाखाणलं. मी बिशपच्या गळ्यात हात टाकून फोटोला उभी राहिले तर तो माझ्यावर थुंकला. थेट नव्या हॅटवर, आणि हिरवं. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, आणि लाउडस्पीकर अजून चालू होता हे मला माहीत नव्हतं, की या लंगड्याची पिल्लं लंगडीच निपजणार, माझी एकही मादी मी याच्याजवळ उभी करणार नाही, आईच्या कळपाची शपथ.

त्याचं एकही पिल्लू लंगडं निघालं नाही. लंगडं निघालं ते माझ्याकडे, या मंगळवारी, आमच्या म्हाताऱ्याचं. तपकिरी, पुढचा डावा पाय वाकडा. चुलीजवळ पडलं आहे, हे पत्र लिहिताना माझ्या घागऱ्याची कड चोखतंय. अनाक्लेतो म्हणतो, कशाला त्याला आणि स्वतःला त्रास देतेस.

दादा, खरं सांगू का? पावसाचा हंगाम मार्चमध्ये संपेल. तोवर माझ्या माद्यांना चांगला नर मिळाला नाही तर पुढच्या वर्षीही अशीच पिल्लं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आईचा कळप उरणार नाही. मग मी आणि अनाक्लेतो तुमच्या मागच्या खोलीत येऊन राहू, आणि वहिनींचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा माझी काळजी करू नका. मी कुणाकडे काही मागणार नाही.

सगळ्यांना पुन्हा नमस्कार.

तुमची धाकटी,
नसारिया

ता. क. – तुमच्या नातवाचं जावळ कार्निव्हलच्या आठवड्यात इथे वर काढावं असं मला फार वाटतं. डोंगराची हवा पोराला मानवेल. धर्ममाता म्हणून हिलारियाला बोलवा. तुम्ही स्वतःच्या हातानं तिला पत्र लिहा, माझं नाव घेऊ नका. दारूचे पेले मी बघते. दुकानदाराची बायको शेजारी उभी राहून तीन मेंढ्या म्हणेल, याची व्यवस्था झाली आहे (तिनं मला अजून क्षमा केलेली नाही, पण हिलारियावर तिचा राग जास्त आहे). हिलारिया भिडस्त आहे, तिला देणगीत बिशप बोलावाच लागेल. तिथे शहरात, आरेकिपाला, दुसऱ्या मजल्यावर तुम्ही नर अल्पाका ठेवणार कुठे? तुमच्या नातवासाठी मी त्याला माझ्याकडे सांभाळीन. एवढा त्रास मी भावासाठी घेईन.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवणार तेवढ्यात कुत्रं भुंकलं. दारात डेल्फिना. पाच वर्षांची पोर, हातात दोरी, दोरीला बिशप, बिशपमागे जनरल. मी म्हटलं आई कुठे, तर आई लेंड्या गोळा करते आहे. मग तिनं निरोप सांगितला, पाठ केल्यासारखा: “बिशप मार्चपर्यंत तुमच्याकडे राहील, धर्ममाता. आई म्हणते, तुम्ही मागाल म्हणून वाट बघत बसलो तर हंगाम निघून जाईल. आणि तो माझा आहे, मी हो म्हटलंय. त्याला गाण्याशिवाय झोप लागत नाही.”

मी म्हटलं, आणि जत्रेत मी जे बोलले ते? तर म्हणे आईनं ते ऐकलंच नाही, लाउडस्पीकर फार खरखरत होता. दादा, तो लाउडस्पीकर तीन गावं पलीकडे स्पष्ट ऐकू गेला होता. मला रडू आलं. पोरीला सांगितलं की धूर आहे. (सरपणही तिच्याच आईचं होतं.) बिशपला वाडग्यात सोडलं. माझ्या माद्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला दार लावून घ्यावं लागलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा – हिलारियाला पत्र लिहू नका. लिहिलं असेल तर फाडा. जावळ मात्र इथेच, कार्निव्हललाच, आणि पहिली बट मी कापणार, आत्ताच सांगून ठेवते. देणगी ठरली आहे: एक तपकिरी नर. हसू नका, मी आज एकही पेला घेतलेला नाही. डेल्फिनानं जाण्याआधी चुलीजवळ बसून मला दाखवलं, काठ्या कुठे लावायच्या आणि लोकर किती ओढायची. माझं बांधून झालं आहे. लाल लोकर संपत आली आहे, येताना एक लडी घेऊन या. आणि सूनबाईंना विचारा, पोराला झोपवताना त्या कुठलं गाणं म्हणतात, कारण बिशप माझ्या आवाजाला कान पाडतो, पण हे वाकड्या पायाचं मी गायला लागले की डोळे मिटतं, आणि ते हिलारियाला कळायला हवं.