नियम चौथा : जागा धरून ठेवावी

२ डिसेंबर, सोमवार
चौदावा अर्ज गेला. क्लिनिकल सायकॉलॉजी, पीएच.डी. प्रत्येक प्राध्यापकाकडे वर्षाला एक जागा आणि त्या एका जागेला दोन-तीनशे अर्ज. लोकांची गाळण उडते. माझी नाही. मागची दोन वर्षं धरायची नाहीत. पहिल्या वर्षी माझे विचार काळाच्या पुढे होते, दुसऱ्या वर्षी शिफारसपत्रं मिळमिळीत होती.
संकल्प : जानेवारीपर्यंत मेल बघायची नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४
बघितली. सवय म्हणून. आईची होती. आमच्या टोलेडोच्या स्कूल बस डेपोत ड्रायव्हर हवेत, अशी जाहिरात पाठवली आहे. आई एकवीस वर्षं स्कूल बस चालवते आणि तिच्या मते जगातला कुठलाही प्रश्न बस चालवून सुटतो. मी तिच्या तळघरात राहतो, म्हणजे जिना चढून दहा पायऱ्यांवर ती आहे, तरी मेल पाठवते. उत्तर दिलं नाही.

११ डिसेंबर
लॅब. आमच्या प्रमुख स्ट्राउडबाईंच्या प्रकल्पात आया आणि दोन-दोन वर्षांची पोरं ठोकळे खेळतात, त्याचे व्हिडिओ बघायचे आणि दर पाच सेकंदांनी चेहऱ्याची नोंद करायची : हसरा, रडवा, कोरा. तीन वर्षं हेच करतोय. माझ्यापासून कुठलाही चेहरा लपत नाही.
शेजारच्या टेबलावर मॅग्डा कोव्हाल्चिक. तिनेही अर्ज केलेत म्हणे. किती? तर चार. नाही झालं तर पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. चार अर्ज आणि वर पुढच्या वर्षी बघू. असल्या स्वभावाची माणसं या धंद्यात टिकत नाहीत. तिची आजी लाग्रांज स्ट्रीटवर बेकरी चालवते, तिथे हिचं छान जमेल. कुठेकुठे अर्ज केले ते विचारलं नाही. मी सांगत नाही, मग विचारू कशाला?

१९ डिसेंबर
अर्जदारांच्या फोरमवर गेलो. नुसती रडारड. अमक्या ठिकाणाहून कुणाला बोलावणं आलं का हो, मला का नाही आलं हो. शेवटी राहवलं नाही. ‘गरुडनजर’ या नावाने सहा नियम लिहून टाकले.
दुसरा : कुठे अर्ज केला, ते सख्ख्या आईलाही सांगू नये. तिसरा : मुलाखतीत प्रश्न विचारू नयेत, त्यातून आपलं अज्ञान दिसतं. चौथा : हातात एकाहून जास्त जागा आल्या तर एकही सोडू नये. १५ एप्रिल ही उत्तर द्यायची शेवटची तारीख, तोवर सगळ्या धरून ठेवाव्या.
चौथ्यावर एकाने लिहिलं की हे रीतीला धरून नाही, जास्तीची जागा लगेच सोडावी, मागे वेटिंगवर कुणीतरी ताटकळत असतं. मी लिहिलं, ताटकळणाऱ्यांसाठी आपण धर्मशाळा उघडलेली नाही. माझ्या बाजूने ३१२ जण. त्या शहाण्याच्या बाजूने चार.

१४ जानेवारी
बॉस्टनहून नकार. बरं झालं, तिथे थंडी फार. कॅलिफोर्नियाहून नकार. तिथे ऊन फार. शिकागोहून साधा नकारही नाही, पण फोरमवर लिहिलंय की त्यांची बोलावणी मागच्या आठवड्यातच गेली. काही लोकांना पत्र लिहायचीही शिस्त नसते.

१७ जानेवारी
बोलावणं आलं. नॉर्थ प्लेन्स विद्यापीठ, नेब्रास्का, प्राध्यापक लुंडक्विस्ट. हे नाव माझ्या यादीत तळाला होतं. खरं तर दया येऊन घातलं होतं. तरी जाईन म्हणतो. लॅबमध्ये सांगितलं, दात दुखतोय.

२६ जानेवारी, रविवार
जाऊन आलो. अफाट झालं.
आलेल्या उमेदवारांना तिथल्याच विद्यार्थ्यांच्या घरी उतरवायची पद्धत आहे. मी टॉड नावाच्या मुलाच्या सोफ्यावर. रात्री सगळे पिझ्झा खायला आणि बोलिंगला निघाले, मला चल म्हणाले. मी म्हटलं, मी इथे बोलिंगसाठी आलेलो नाही. टॉडला जाता जाता हेही सांगितलं की त्याच्या मांजराच्या वागण्यात असुरक्षितता दिसते आणि त्याचं कारण बहुधा तोच आहे. नंतर कळलं की निवडीत विद्यार्थ्यांचंही मत घेतात. घेऊ देत. मांजराचं घेत नाहीत ना.
मुलाखतीत लुंडक्विस्टबाईंच्या शेवटच्या शोधनिबंधातल्या चुका दाखवल्या. चाळीस मिनिटं. विसाव्या मिनिटाला त्यांनी पेन खाली ठेवलं. चेहरा कोरा. कोरा म्हणजे खोल परिणाम. शेवटी म्हणाल्या, तुम्हाला काही विचारायचंय का? मी म्हटलं, नाही, तुम्ही विचारा. त्यांनी उठून माझ्यासाठी दार उघडलं.

३ फेब्रुवारी
मॅग्डा तीन दिवस रजेवर होती. म्हणे नेब्रास्काला जाऊन आले. भर थंडीत नेब्रास्काला? असेल कुणी मावशी. मी म्हटलं, काय पाहिलंस तिथे, मका? ती म्हणाली, मका नव्हता, बोलिंग केलं, मजा आली. माणसं सुटी कशी वाया घालवतात, याची ही पोरगी उत्तम केस आहे.

२४ फेब्रुवारी
तेरा नकार पूर्ण. आणि नॉर्थ प्लेन्सचं पत्र : वेटिंग लिस्टवर पहिला क्रमांक.
पहिला. म्हणजे यादीत माझ्या पुढे कुणीच नाही, फक्त तो एक आहे ज्याला जागा मिळाली. तो काही घेणार नाही. नेब्रास्काला स्वखुशीने कोण जातं?
आईला सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे कुणी उठलं तरच तू बसणार. मी म्हटलं, हे बस नाहीये. ती म्हणाली, बसमध्ये निदान उभं तरी राहता येतं.

४ मार्च, मंगळवार
ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आधीचा मंगळवार, त्यामुळे सगळं टोलेडो पाँच्की, म्हणजे तळलेले पोलिश डोनट, खात होतं. मॅग्डाने आजीच्या बेकरीतून दोन डझन आणल्या. आत आलुबुखाराचा मुरंबा, वर साखर. चार खाल्ल्या. चौथी तोंडात असताना स्ट्राउडबाईंनी विचारलं, काय लेलंड, कळलं का कुठून?
तोंड भरलेलं होतं म्हणून नीट विचार करता आला नाही. म्हटलं, दोन ठिकाणांची रस्सीखेच चाललीय, नावं इतक्यात सांगता येणार नाहीत. लॅबभर टाळ्या. स्ट्राउडबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तीन वर्षं वाट बघितलीस रे, मला तुझी फार काळजी वाटायची. मॅग्डाने पाचवी पाँच्की माझ्या हातात ठेवली.
हे खोटं नाही. हे थोडं आधी सांगितलेलं खरं आहे.

२१ मार्च
स्ट्राउडबाईंनी जूनपासून माझ्या जागी एक मुलगी नेमली. आज तिला लॅब दाखवायला आणलं होतं. माझी खुर्चीही दाखवली. मी खुर्चीत होतो.
म्हणजे आता लॅबही नाही. नॉर्थ प्लेन्स झालं तर झालं, नाहीतर सत्ताविसाव्या वर्षी तळघर आणि वर आई. घाबरलो नाही. जेवण गेलं नाही, पण ते पाँच्कींमुळे.

२४ मार्च
पाँच्की खाऊन वीस दिवस झालेत. कारण दुसरं काहीतरी असावं.

९ एप्रिल
पुढे बसलेला तो कोण हरामखोर आहे, तो अजून जागा धरून आहे. घेत नाही, सोडत नाही. गोठ्यातलं कुत्रं, स्वतः खात नाही आणि गाईला खाऊ देत नाही.
फोरमवर नवं नाव घेतलं, ‘साधामाणूस’. नम्रपणे लिहिलं : नॉर्थ प्लेन्स, लुंडक्विस्टबाईंची जागा ज्याच्याकडे आहे त्याला ती नको असेल तर कृपया सोडावी, मागे एक लायक माणूस वाट बघतोय.
दहा मिनिटांत ‘कॉफीकप’ नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं : वाईट वाटतं हो, पण गरुडनजरचा नियम चौथा वाचा.
मी लिहिलं, तो नियम मूर्खपणाचा आहे. त्यावर सतरा जण तुटून पडले. तू कोण रे गरुडनजरला शिकवणारा? त्याचा अनुभव केवढा, तुझा अनुभव केवढा? एकाने तर माझंच वाक्य मला ऐकवलं, धर्मशाळेचं.
वाक्य चांगलं आहे, हे मान्य करावं लागेल.

१४ एप्रिल, सोमवार
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
दुपारी जेवताना मॅग्डा समोर येऊन बसली. म्हणाली, तुझा सल्ला हवाय, तुला यातलं कळतं. चारपैकी तिला दोन ठिकाणी जागा मिळालीय. एक मिशिगनला, इथून तासाभरावर. दुसरी नॉर्थ प्लेन्स, लुंडक्विस्टबाईंकडे.
मी डब्याचं झाकण लावलं.
पुढे म्हणाली, खरं तर मी नेब्रास्काची जागा फेब्रुवारीतच सोडणार होते, आजी इथे एकटी आहे. पण फोरमवर तो गरुडनजर आहे ना, तो सगळ्यांना म्हणत होता सोडू नका, मग मला भीती वाटली. आता लुंडक्विस्टबाई इतक्या चांगल्या आहेत की जावंसंही वाटतं. दोन्हीकडे मन सारखंच ओढतंय बघ. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, मागच्या आठवड्यात तिथे कुणीतरी गयावया करत होतं, तेव्हापासून झोप नाही मला. तुझ्या ओळखीत आहे का कुणी तिथे वेटिंगवर? असेल तर आत्ता सोडते, इथल्या इथे.
फोन तिच्या हातात होता. पानावर जागा सोडायचं बटण होतं, मला दिसत होतं.
मागे स्ट्राउडबाई मायक्रोवेव्हमध्ये सूप गरम करत होत्या. मायक्रोवेव्ह थांबला. त्या वळून हसल्या.
मी म्हटलं, छे, कोण असणार?
मॅग्डा म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की, आणि तुझ्या जागी मी असतो तर डोळे मिटून लुंडक्विस्ट घेतलं असतं. हे का म्हटलं ते कळत नाही. बोलणं पटावं म्हणून असेल. तिने माझा चेहरा नीट पाहून घेतला. मग म्हणाली, बरं, तू म्हणतोस तर.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
कारणं. एक, दयेची जागा मला नको. दोन, स्ट्राउडबाईंसमोर तीन वर्षांची अब्रू गेली असती. तीन, सूप.
चौथं कारण सापडत नाही. पहिलं खरं नाही. ती जागा मला हवी होती. दयेची, उष्टी, कशीही चालली असती.
संकल्प : उद्या सकाळी नऊच्या ठोक्याला मॅग्डाला खरं सांगायचं. शेवटची तारीख उद्याची आहे. वाक्य तयार केलं : मॅग्डा, तो मी होतो. आरशासमोर सहा वेळा म्हटलं. चेहरा सहाही वेळा कोरा.

१५ एप्रिल, सकाळी ९
पावणेनऊलाच पोचलो. मॅग्डा आधीच आली होती. म्हणाली, काल घरी गेल्या गेल्या होकार पाठवला, आजीसुद्धा जा म्हणाली. तुझे आभार मानायचे होते.
मी म्हटलं, अभिनंदन. तयार केलेल्या वाक्याचं काय करायचं ते कळलं नाही.

दुपारी ३
नॉर्थ प्लेन्सची मेल. जागा भरली, आपल्या चिकाटीबद्दल धन्यवाद.
तेवढ्यात स्ट्राउडबाईंनी केक आणला. वर निळ्या साखरेत दोन नावं, मॅग्डा आणि लेलंड. सगळे गोल उभे राहिले. बाई म्हणाल्या, आता तरी सांग बाबा, कुठे जातोयस? मी म्हटलं, अजून विचार चाललाय. कुणीतरी म्हणालं, अरे, पण आज शेवटचा दिवस ना. मी म्हटलं, म्हणूनच. मग माझं नाव असलेला तुकडा उचलला आणि टेबलावर जाऊन व्हिडिओ लावला. पोराने ठोकळे रचले, पडले, रचले, पडले.
मॅग्डा शेजारी येऊन बसली. हळू म्हणाली, लेलंड, मागे तूच होतास ना?
मी म्हटलं, मागे म्हणजे कुठे?
ती म्हणाली, काल तू छे म्हणालास तेव्हाच तुझ्या चेहऱ्यावर आलं होतं. मला वाटलं, आता सांगशील. मी विचारलं होतं रे तुला. दोनदा विचारलं.
दोनदा विचारलं होतं, हे खरं आहे.

१७ एप्रिल, गुरुवार
फोरमवर जाऊन नियम चौथा काढून टाकला. खाली कॉफीकपने, म्हणजे उघडच मॅग्डाने, लिहिलेलं होतं : गरुडनजर, तुमच्यामुळे जागा धरून ठेवली, कुणाचं तरी नुकसान झालं, पुन्हा असं कुणाला सांगू नका. ३१२ जणांपैकी कुणीच तिच्याशी वाद घातला नाही.
आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारेल. तिने माझ्यासमोर अंडी-बटाट्याची ताटली ठेवली आणि म्हणाली, आधी खा. मग डिसेंबरमधली ती मेल पुन्हा पाठवली, समोर बसून. म्हणाली, साठ पोरं असतात एका बसमध्ये, तुझी सायकॉलॉजी सकाळी साडेसातपर्यंत संपेल.
फॉर्ममध्ये शिफारसपत्र मागितलेलं नाही. जीवनाचं ध्येय मागितलेलं नाही. दुपारी २ वाजता पाठवला.

दुपारी २.१०
डेपोतून उत्तर आलं. दहा मिनिटांत. सोमवारपासून ट्रेनिंगला या म्हणतात. येताना डोळे तपासून या, एवढीच अट आहे.