या दोघी एकच का?

३ तारीख, सोमवार

आले एकदाची मुलाच्या घरी, बाडबिस्तरा घेऊन. खोली झकास आहे, नातीची आणि माझी मिळून. खिडकीला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि उशीखाली नातीने आधीच लपवून ठेवलेल्या तीन लिमलेटच्या गोळ्या. तिला सगळे चिंगी म्हणतात. वय साडेसहा, तोरा साठीचा. मी घोरले तर मला बैठकीत झोपावं लागेल, असं तिने आल्याआल्या बजावलं.

संध्याकाळी मुलाने काम सोपवलं. मागे त्याचा फोन पाण्यात पडला आणि वर्षभराचे फोटो गेले, तेव्हापासून तो ताकही फुंकून पितो. तीन जुने फोन, एक लॅपटॉप आणि माझा फोटोंचा पत्र्याचा डबा, सगळं एका जागी आणायचं. कॉम्प्युटर मी पडत-झडत, माझी मीच शिकलेय. सूनबाई म्हणाली, आता आईंशी जपून वागायला हवं, सगळ्यांचे जुने अवतार त्यांच्या हातात.

५ तारीख, बुधवार

दोन दिवस नुसते फोटो उतरवतेय. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक डिस्कवर, एक इंटरनेटवर. एकीकडे काही बदललं की तिन्हीकडे आपोआप बदलतं, अशी सोय मुलाने करून दिलीय. म्हणजे माझे कष्ट वाचले.

आज डबा उघडला. त्यात माझी थोरली, मुलाची ताई. सातव्या वर्षी तापाने गेली, चार दिवसांत. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तिचे मोजून अकरा फोटो. छत्तीस वर्षं डब्यात राहिली पोर. सगळे स्कॅन केले. आता हरवायची नाही.

७ तारीख, शुक्रवार

हा प्रोग्रॅम चेहरे ओळखतो. एका माणसाचे सगळे फोटो एका कप्प्यात घालतो, आणि अडलं की विचारतो. आज त्याने थोरली आणि चिंगी शेजारीशेजारी दाखवल्या आणि विचारलं, या दोघी एकच का?

तीच खळी, तसाच पडलेला पुढचा दात. रक्त काही लपत नाही. मला हसू आलं. मग खोटं कशाला बोलू, मोह झाला. हो म्हटलं. अकरा फोटोंची माझी पोर एका क्षणात बाराशे फोटोंची झाली. वाढदिवस, शाळा, समुद्र, सगळं तिला मिळालं.

चिंगीला कौतुकाने दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आजी, ही मी नाहीये. हिला बाहेर काढ ना."

उद्या काढते म्हटलं.

८ तारीख, शनिवार

थोरलीला बाहेर काढायला बसले, कसं ते सापडेना. कप्प्यात आठशेच फोटो. खाली ओळ होती, एकसारखे फोटो काढून टाकले. डिस्कवर पाहिलं, तिथेही आठशे. इंटरनेटवरही.

चिंगीला कणकण आहे. डॉक्टर म्हणाले, हवाबदल.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आई, जागाच वाचली की.

९ तारीख, रविवार

तीनशे. वाढदिवसाच्या फोटोत केक आहे, टाळ्या वाजवणारी माणसं आहेत. खुर्ची रिकामी.

चिंगी पांघरुणात. हात लावला तर ऊब लागेना. सूनबाईला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. आपण इथे कशाला आलो तेच विसरल्यासारखं तोंड करून परत गेली.

डिस्कची वायर काढली. इंटरनेट बंद केलं. तरी आकडा खाली येतोय.

१० तारीख, सोमवार

सकाळी सूनबाईला विचारलं, चिंगीचा ताप कसा आहे? ती म्हणाली, कोण चिंगी?

तिच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे. तिची चित्रं होती त्या भिंतीला नुसता रंग.

मुलगा कामावर गेला नाही. माझ्याजवळ बसला, हात हातात घेतला. "आई, ताईला जाऊन छत्तीस वर्षं झाली. आता तरी सोड तिला."

घरात कोणी रडत नाही. मीही रडले नाही. भाजी निवडली. कपड्यांच्या घड्या घातल्या. आत काही हलतच नाही, दगड ठेवल्यासारखं. ही वही वाचते तेव्हा कळतं की मला नात आहे. वही मिटली की—

११ तारीख, मंगळवार

बावीस उरलेत. अकरा तिचे, अकरा हिचे. दोघी अजून सुटतील. मदतीच्या पानावर बटण सापडलं, चुकून एकत्र केलेल्या व्यक्ती वेगळ्या करा.

प्रोग्रॅम म्हणतो, दुसरी व्यक्ती असलेला एक फोटो निवडा. बाकीचं तो बघेल.

सगळे सारखेच पिवळे. सगळ्यांत एकच परकर, एकच खळी. मागचं अंगण— आमच्याकडे अंगण कधी—

दुपारी

एकवीस झाले. वेळ नाही.

मी आई आहे. मी आजी आहे. मला ओळखता आलंच पाहिजे. चुकीची निवडली तर चिंगी कायमची—

एकीला मी माझ्या हातांनी पोचवून आले. एक परवापर्यंत माझ्या मांडीवर— की तीच—

वीस.

बोट ठेवलंय. ही हसतेय. ही चिंगी.

नाही. ही—