भिंतीपलीकडचे झाड

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, पूर्वीचा व्यवसाय शिवणकाम, सध्याचा मागच्या अंगणातली जपानी पद्धतीची बाग, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. "दगड मांडून त्यांच्याकडे बघत बसणाऱ्या बाईला शहाणी कोण म्हणेल?" असे आमचे हे विचारत. ते आता हयात नाहीत, त्यामुळे ती हरकत निकालात निघाली.

१. हे घर, आतल्या सामानासह, माझ्या एकुलत्या एका लेकीला. न्हाणीघराचे दार जरा उचलून लावावे लागते. तिला ठाऊक आहे, जावयांना सांगावे. बँकेत जे आहे तेही तिचेच.

२. अंगणातले अकरा दगड कोणी हलवू नयेत. मधला मोठा दगड तिसरा हिस्सा मातीत पुरला आहे, म्हणून तो आणून ठेवल्यासारखा न वाटता तिथलाच वाटतो. तो पुरताना ह्यांची कंबर धरली होती. "आई, इथे फरशी घातली तर गाडी मावेल," असे लेक एकदा म्हणाली. मला ऐकू आले नाही असे तिला वाटते. आले होते.

३. खडीवर रेघा ओढायचे लाकडी दंताळे सुताराला परत द्यावे. सात दातांचे सांगितले होते, त्याने आठ केले. "एक मोडला तर असावा, वहिनी." बावीस वर्षांत एकही मोडला नाही. शेवाळाला वारस नाही. तीनदा आणून लावले, तीनदा वाळले. मग मोरीच्या पाइपाखाली, मी न बोलावता, आपणहून आले. ते तिथेच असू द्यावे.

४. या बागेतली सर्वांत सुंदर गोष्ट मला कोणाला देता येत नाही, कारण ती माझी नाही. ते झाड भिंतीपलीकडे, धाकट्या जावेच्या अंगणात आहे. मागच्या पायरीवर बसले की खडी, दगड, भिंत आणि भिंतीवर ते झाड, असे एकच चित्र दिसते. बाहेरचे दृश्य असे उसने घेण्याची जपानी बागेत रीतच आहे.

पूर्वी भिंत नव्हती. आम्ही दोघी एका खोलीत काम करायचो. मी कापायची, ती शिवायची. रद्दीतून तिने बागांच्या चित्रांचे एक पुस्तक आणले होते. काजे करताना ते दोघींच्या मध्ये उघडे असायचे. "ताई, आपण मागे अशी बाग करू या ना," ती म्हणायची. मग भाऊ वेगळे झाले. थोरली म्हणून मशीन मी मागून घेतले. ती एवढेच म्हणाली, "घ्या. झाड माझ्या बाजूला राहू दे." त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. शिवणारी ती होती, मशीन मी नेले. हे तोंडाने कधी बोलले नाही, म्हणून लिहून ठेवते.

दर वर्षी ती झाडाच्या फांद्या उतरवायची. मला वाटे, मला खिजवायला. मी तिकडे पाठ करून रेघा ओढायची. यंदा फांद्या तोडणारा माझ्याकडे पाणी प्यायला आला आणि पायरीवरून वर बघत राहिला.

"अच्छा, म्हणून होय! त्या बाई दर खेपेला स्टुलावर चढून सांगतात, मधे जागा सोड, तिला आभाळ दिसलं पाहिजे. मी म्हणतो, कोणाला? तर म्हणतात, तू काप."

तो गेल्यावर मी मशीनच्या खणातून पुस्तक काढले. एकोणचाळिसावे पान. दगड, भिंत, झाड, आणि झाडाच्या मधोमध आभाळ.

५. म्हणून मशीन, पुस्तक आणि मागच्या पायरीवर बसण्याचा हक्क धाकट्या जावेला. भिंतीवर खडूची खूण केली आहे तिथे, माझ्या पश्चात, दार पाडावे.

(हे कलम मी खोडले आहे.)

खोडण्याचे कारण: मला साक्षीला तीच हवी होती. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, बाई. दोन्हीतलं एक ठरवा." मी घरी आले आणि गवंड्याला बोलावले.

पहिला घाव बसताच पलीकडून आवाज आला, "कोण आहे?"

"मी. दार पाडतेय."

पलीकडे चपला वाजत भिंतीपाशी आल्या. मग, "विचारायचं तरी होतं, ताई. माझ्या कुंड्या आहेत तिथे."

"सरकव."

कुंड्या सरकल्याचा आवाज आला. "मृत्युपत्र करताय म्हणे. बावीस वर्षं तोंडातून शब्द नाही, आणि आता मरायची घाई?"

मशीन काल दुपारीच त्या दारातून गेले, पुस्तकही गेले. तेव्हा माझ्या मरणाने तिला मिळण्यासारखे आता काही उरलेले नाही, आणि तिच्या साक्षीला कायद्याची आडकाठी नाही. नंतर ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. पुष्कळ वेळ बघितले आणि म्हणाली, "तिसरा दगड चुकलाय, ताई."

कलम २ मध्ये दुरुस्ती: तिसरा दगड आज सकाळी एक हात उजवीकडे सरकवला आहे. यापुढे हलवू नये.

ठिकाण: मागची पायरी
दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: धाकटी जाऊ (सही; हाताला माती असल्याने कागदावर डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये)