काळ्या स्लाइडी

सांगली,
१० जून २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं गल्लीभर जातं, म्हणून पत्र. अण्णांनी काढलेल्या फोटोंच्या पारदर्शक स्लाइडींचा डबा पोचला. नवा स्कॅनर आणून आठ दिवस एकेक स्लाइड काचेवर ठेवली. सगळ्या काळ्याकुट्ट आल्या. इंजिनिअर भावाचं ऐकशील तर आता आशा सोड. इतकी वर्षं तू त्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवल्यास, धुरानं गेल्या. आईचे दुसरे फोटो नाहीत हे तुला ठाऊक होतं ना? अण्णांनाही मी तसंच सांगितलं.

आंबे धाडतोय. रागावलो तरी लोभ आहेच.
तुझा, भरतेश

सातारा,
२४ जून २०२४

चि. भरतेशास,
अनेक आशीर्वाद.

आंबे गोड निघाले. परवा तिकडे आले तेव्हा तू कामावर होतास. अण्णांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांचं काय चुकलं? आईचा चेहरा मीच घालवला.

तू विसरला असशील, माझ्या लग्नाच्या स्लाइडींचा दुसरा डबा माळ्यावरच होता. रुखवतापाशी हसत उभी असलेली आई त्यात होती. त्याही गेल्याच असणार. उघडून बघायचं धाडस झालं नाही, काल घंटागाडीत टाकल्या. तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस, आठ दिवस राबलास.

अण्णांना जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी, प्रभावती

सांगली,
१८ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज क्षमावणी. सकाळपासून फोनवरून शंभर जणांची क्षमा मागून झाली. तुझी मागायला कागद घेतलाय.

स्लाइडी चांगल्या आहेत. जुलैत स्टुडिओवाले हरिबा घरी आले आणि हसायलाच लागले. स्कॅनरच्या झाकणात दिवा असतो, त्यावरची पांढरी पाटी मी काढलीच नव्हती. स्लाइडीतून उजेड जाणार कुठून? एक जरी खिडकीशी धरली असती तरी कळलं असतं. मी मशीनवर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर ठपका.

पण खरी लाज पुढचीच आहे. हे कळून दोन महिने झाले आणि मी गप्प बसलो. आज मंदिरातून आल्यावर नव्वदीच्या अण्णांनी माझ्यापुढे हात जोडले, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणाले. मीही हात जोडले, आणि तेवढ्यावर भागवून खोलीबाहेर आलो. अक्का, इतकं क्षुद्र मला कधीच वाटलं नव्हतं. परत आत जाऊन सगळं सांगितलं, तुझं पत्रही वाचून दाखवलं. स्क्रीनवर आईच्या बारा स्लाइडी लावल्या, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. म्हणाले, पोरीच्या हातचं पाणी न्हाई घेतलं मी, गाडी काढ, साताऱ्याला जायचं हाय.

उद्या सकाळी निघतो. पत्र आमच्यानंतर पोचेल. तोंडानं हे सांगताना मी कच खाल्ली, तर निदान हे वाच. लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
भरतेश